फोटोतला तिकोनी झेंडा

१९६५ च्या युद्धात माझी नेमणूक अमरावतीला राजापेठेजवळच्या पाण्याच्या टाकीवर होती. पोस्ट नंबर दोन, महिला पहारा तुकडी. फौज म्हणावी एवढी ती मोठी नव्हती. पण खाकी होती, रोलकॉल होता, परेड होती. हुकूम मोडला तर शिक्षा होती. माझं शिक्षण चौथी. रजिस्टर लिहायला तेवढं पुरत होतं.

काम असं : टाकीच्या गच्चीवर उभं राहायचं आणि विमान दिसलं की फील्ड टेलिफोनवरून कंट्रोलला कळवायचं. सकाळी पाच ते नऊ माझी पाळी. दुपारी चार ते आठ यमुनेची. बाकी वेळ पुरुष असत. पोस्टवर बाई हजर आहे हे खालून कळावं म्हणून बांबूला झेंडा लावायचा. माझा तिकोनी, यमुनेचा चौकोनी. पाळी सुरू झाली की चढवायचा, संपली की उतरवायचा. यात आम्ही दोघींनी एकदाही चूक केली नाही.

दर अर्ध्या तासाला फोन वाजायचा.

"पोस्ट दोन, रिपोर्ट."

"पोस्ट दोन. आकाश साफ."

एवढंच बोलायचं असल्यामुळे मला ते काम आवडायचं.

आम्हाला शिकवणारे सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले होते. त्यांचा नियम कडक होता. जे स्वतःच्या बळावर उडतं तेच रजिस्टरमध्ये लिहायचं. एकदा मी कटलेला पतंग लिहिला, तर त्यांनी सगळ्यांसमोर ते पान फाडलं. "बाई, उद्या पाचोळाही लिहाल," म्हणाले. मी पुन्हा तसं काही लिहिलं नाही.

यमुना अकोल्याची. वय बावीस. नवऱ्यानं टाकलेली. आम्ही एकाच खोलीत राहायचो. ती दिवसभर बोलायची आणि मला चिडवायची.

"तुह्या तोंडातून शब्द काढाले सांडशी आणू का वं? कंट्रोलवाले मले इचारतात, सकाळी टाकीवर बाई असते का कबुतर?"

खाकीची इस्त्री मात्र ती कुणाला करू देत नसे. म्हणायची, "या कपड्यापायी माहा भाऊ मले तुमी म्हणून राहिला. आधी पायतान म्हणे."

त्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी खाली पाहिलं. टाकीसमोरच्या मैदानात राजापेठेतला एक फोटोवाला कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसला होता. त्याचा साळा डब्याचं पत्र्याचं झाकण टाकीच्या दिशेनं वर भिरकावत होता. चार वेळा भिरकावलं. फोटोवाल्यानं वर पाहिलं. मी हात केला. त्यानं मान खाली घातली. थोड्या वेळानं दोघं निघून गेले.

मी लिहिलं नाही. झाकण स्वतःच्या बळावर उडत नव्हतं. साडेसातला फोन आला. आकाश साफ, मी म्हणाले.

चार दिवसांनी पेपरात फोटो आला. अमरावतीवर उडती तबकडी. छपाई इतकी काळी होती की टाकीचा कठडा आणि वर एक चकती, एवढंच दिसत होतं. फोटोवाल्यानं सांगितलं होतं की संध्याकाळी साडेपाचला तो एकटाच तिथून जात होता. तबकडीचा आवाज नव्हता. आणि पहाऱ्यावरची बाई झोपली होती.

संध्याकाळ काहून सांगितली, हे मला नंतर समजलं. सकाळच्या बाईनं त्याला पाहिलं होतं. मग संध्याकाळची बाई झोपलेली असणं त्याला भाग होतं.

चौकशी बसली. युद्धाच्या दिवसांत पहाऱ्यावर झोपणं ही लहान गोष्ट नव्हती. आम्ही दाराबाहेर उभ्या होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. फोटोवाला आत म्हणाला की सहा वाजले होते, साळा सोबत होता आणि तबकडी कुकरच्या शिट्टीसारखी वाजत होती. पेपरातलं वेगळं आहे, असं कुणीतरी म्हणालं. "तपशील इकडेतिकडे होतो," आमच्या तुकडीचे कमांडर म्हणाले. मोठा फोटो टेबलावर होता. तो आम्हाला दाखवला नाही.

मला आत बोलावून एकच प्रश्न विचारला.

"सकाळी आकाशात काही दिसलं?"

"नाही, साहेब. आकाश साफ."

रजिस्टरमध्ये तेच होतं. झाकणाचं मी बोलले नाही. संध्याकाळच्या फोटोशी त्याचा संबंध असेल हे तेव्हा मला सुचलं नाही. यमुना मात्र आत ओरडली, "मी झोपली नव्हती! साडेपाचचा फोन मीच घेतला, कंट्रोलले इचारा!" कंट्रोलला कुणी विचारलं नाही. तिचं नाव रोलवरून काढलं. खाकी परत घेतली. ती इस्त्री केलेलीच होती.

ती अकोल्याला भावाकडे गेली आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागली.

महिन्याभरानं मी त्या फोटोवाल्याच्या स्टुडिओसमोरून जात होते. काचेत तो फोटो मोठा करून लावला होता. स्वच्छ. कठडा, बांबू, आणि बांबूवर तिकोनी झेंडा. माझा झेंडा. आत तो गिऱ्हाइकाला सांगत होता की तो अंजनगावहून परत येत होता, तबकडीनं टाकीला तीन फेऱ्या घातल्या आणि पहारेकरीण जिन्यात गप्पा मारत बसली होती. आता ती झोपलेलीही नव्हती.

मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाच्या दुकानात शिरून ओरडले.

"झाकण होतं ते! मी पायलं! सकाळी सात दहाले!"

तो म्हणाला, "बाई, मग तवा काहून नाही बोलल्या?"

तशीच कमांडरकडे गेले. झेंडा सांगितला, झाकण सांगितलं, तिन्ही हकिकती सांगितल्या. ते म्हणाले, फाईल बंद झाली. पुढच्या महिन्यात बघू.

पुढच्या महिन्यात अकोल्याच्या त्या जिनिंगमध्ये भरदुपारी कापसाला आग लागली. आत बाया होत्या. वाचलेल्या एकीनं मला सांगितलं, "यमुना आमाले म्हणे, धावू नका, एकमेकीचा पदर धरा, खाली वाका. तिनं दोन खेपा केल्या. नऊ जणी काढल्या." ते सुभेदारांचं ड्रिल होतं, शब्दाला शब्द. तिसऱ्या खेपेला छप्पर पडलं.

नंतर तुकडीच्या ऑफिसात सेवेत गेलेल्यांची पाटी लागली. तिच्यावर यमुनेचं नाव नाही. मी विचारलं. रोलवर नव्हती, म्हणाले.

फोटोवाल्याचं दुकान चांगलं चाललं. तो मला टाळायचा. मी त्याच्याकडून त्या फोटोची प्रत विकत घेतली, त्याच्या डोळ्यांत बघत घेतली. ती माझ्या पेटीत आहे. मागच्या बाजूला मी रजिस्टरसारखं लिहिलं आहे. त्या सकाळी लिहायला हवं होतं ते.

पोस्ट दोन. वेळ सकाळी सात दहा. वस्तू : डब्याचं झाकण, माणसानं फेकलेलं. पहाऱ्यावर मी. झेंडा तिकोनी. यमुनेची पाळी नव्हती. यमुना आपल्या पाळीला जागी होती.