शशिधर खांबेट्यांची तीन मिनिटं

लीड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या रक्ततपासणी लॅबमध्ये शशिधर खांबेटे बावीस वर्षं काम करतात, आणि या बावीस वर्षांत आपण कुणाचं वाईट केलं नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. वय सत्तावन्न, मूळचे पुण्याचे, गुडघे कुरकुरणारे, आवाज खणखणीत. नळीवरचं लेबल तिरकं लागलेलं दिसलं तर त्यांना जेवण गोड लागत नाही. लॅबमध्ये सगळे त्यांना शशी म्हणतात, आणि घरी मीनलताई ‘अहो’ म्हणतात. दोन्हींना ते सारख्याच तत्परतेनं ओ देतात.

कुणाला कसला तर कुणाला कसला छंद असतो. खांबेट्यांना माणसं ओळखून काढायचा छंद. बसमध्ये, देसी दुकानात मेथीची जुडी निवडताना, कुठंही मराठी कानावर पडलं की हे वळलेच. “आडनाव काय तुमचं? गाव कुठलं? म्हणजे अमक्यांचे तुम्ही कोण?” तीन प्रश्नांत समोरचा माणूस कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते त्यांना कळायचं, आणि कळलं की चेहरा असा खुलायचा की विचारू नका. यात कुणाला लागण्यासारखं काही असेल, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. परक्या मुलुखात आपल्या माणसाला आडनाव विचारायचं नाही तर काय, हवामान विचारायचं?

तर अशा या सरळमार्गी गृहस्थांनी ऑक्टोबरात, आयुष्यात पहिल्यांदा, कुणाविरुद्ध तरी लेखी तक्रार केली. त्यांच्या शेजारच्या बेंचवर पॉलीन बसते. साठीला टेकलेली, तिथलीच, जिभेला हाड नसलेली. वॉर्डातून एक फॉर्म चुकीचा भरून आला होता. चूक वॉर्डाची होती, खांबेट्यांची नव्हती. पण पॉलीन तो फॉर्म हातात नाचवत म्हणाली, “तुमच्या लोकांना तिकडे वाचायला शिकवत नाहीत वाटतं.” असलं बोलणं खांबेट्यांनी बावीस वर्षं हसून सोडलं होतं. त्या दिवशी हसायला गेले तर हसूच येईना. का येईना, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी आले, कोटसुद्धा न काढता लॅपटॉप उघडला आणि दोन पानं लिहिली.

पॉलीन म्हणाली, मी असं बोललेच नाही. एचआरचं म्हणणं पडलं की गुरुवारी मीटिंग घेऊ. कुणी ऐकलेलं असेल तर पुढं जाता येईल, नाहीतर शशीचा गैरसमज झाला असावा अशी नोंद करून फाइल बंद करू. गैरसमज हा शब्द खांबेट्यांना फार लागला. बावीस वर्षं चुकीची लेबलं पकडणाऱ्या माणसाच्या नावावर शेवटी गैरसमज?

ऐकलं होतं एकाच माणसानं. भावनानं. ही एकोणतीस वर्षांची मुलगी जुलैमध्ये नागपूरहून या लॅबमध्ये आली, आणि त्या वेळी ती फ्रीजमधून सॅम्पल काढत त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. खांबेट्यांना तिला नुसतं सांगायचं होतं की बाई गं, गुरुवारी येऊन खरं ते सांग. पण तीन आठवडे झाले, ते काही खांबेट्यांच्या तोंडून बाहेर पडेना. पूर्वी दोघांचं बरं जमायचं. आताशा बोलणं ‘मॉर्निंग’ आणि ‘बाय’वर आलं होतं. आधी ती त्यांना काका म्हणायची, आता इतरांसारखी शशी म्हणते. इंग्लंडचं पाणी लागलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मंगळवारी सगळ्या खात्याला ट्रेनिंग होतं. करुणेवर आधारलेलं वंशभेदविरोधी प्रशिक्षण. नाव म्हणतानाच दम लागतो. पॉलीनची बॅच दुसरी होती, त्यामुळे खांबेटे निवांत होते. आपण तर अन्याय झालेले, आपल्याला नवीन काय शिकवणार, अशा थाटात ते शिरले. काय बोलायचं ते त्यांनी आदल्या दिवशी मीनलताईंसमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी तर मीनलताईंचे डोळेसुद्धा भरून आले होते.

शिकवायला कार्डिफहून ग्वेन नावाची बाई आली होती. पांढरे केस, पायात जाड लोकरीचे मोजे, बूट दाराशी काढलेले. तिनं सगळ्यांना डोळे मिटायला लावले, छातीवर हात ठेवायला लावला आणि दहा श्वास मोजायला लावले. मग म्हणाली, इथं कुणाला गुन्हेगार ठरवायचं नाही, पण कुणाला सोडूनही द्यायचं नाही. खांबेट्यांना या वाक्याचा काही अर्थ लागला नाही. पुढं म्हणाली, आता जोड्या करा. कामाच्या ठिकाणी कुणी तुम्हाला कमी लेखलं, ते एकानं तीन मिनिटं सांगायचं. दुसऱ्यानं ऐकायचं. उत्तर नाही, स्पष्टीकरण नाही, सॉरीसुद्धा नाही. घंटा वाजली की पाळी बदलेल. आपापल्या भाषेत बोललात तरी चालेल.

खांबेट्यांनी ही संधी साधली. गुडघ्यांची पर्वा न करता खुर्ची ओढत ओढत ते भावनापाशी पोचले. तीन मिनिटं पॉलीनची गोष्ट सांगायची, तिलाही ती आठवेल, आणि मग गुरुवारचा विषय अलगद काढायचा, असा बेत.

“तू आधी बोल,” ते मोठेपणानं म्हणाले.

घंटा वाजली. भावनानं आपली खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

“मी तुमच्याबद्दलच बोलणार आहे. चालेल ना?” मग स्वतःच म्हणाली, “नाही, तुम्हाला आन्सर करायचंच नाहीये, नाही का?”

खांबेट्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

“फर्स्ट वीकला तुम्ही मला आडनाव विचारलं. मी म्हटलं, भावना सुहास. सुहास माझे बाबा. तुम्ही म्हणालात, ते झालं गं, आडनाव काय? मी हसले. बॅजवर पण फर्स्ट नेमच असतं ना इथे, मला इतकं बरं वाटलं होतं ते. मग तुम्ही गाव विचारलं, बाबा काय करतात विचारलं. तुमची मजा चाललेली होती, मला कळत होतं. शाळेत पण असंच विचारायचे. तरी आपण टिफिन शेअर करायचो. काकूंचं थालीपीठ मला खूप आवडायचं. गणपतीला घरी ये, ॲड्रेस पाठवतो, असं पण म्हणालात.”

ती थांबली. खांबेट्यांना वाटलं संपलं. संपलं नव्हतं.

“मग ऑगस्टचा रोटा लागला, सगळ्यांच्या ड्यूट्यांचा. त्याच्यावर फुल नेम होतं. भावना मेश्राम. तुम्ही रोटासमोर उभे होतात, मी मागेच होते. त्या वीकपासून तुम्ही साडेबाराला जेवायला लागलात. माझा लंच एक वाजताच राहिला. ॲड्रेस काही आला नाही. आपल्या लॅबमधली एमिली जाऊन आली तुमच्याकडे, तिनं फोटो दाखवले मोदकांचे. म्हणाली, पॉलीन पण दोन वर्षांपूर्वी आली होती.”

घंटेला अजून वेळ होता. भावनाचा आवाज चढला नव्हता, उलट जरा बसला होता.

“ही ग्वेन करुणा म्हणते ना, आमच्या घरी ती रोजची आहे. आई बुद्धवंदनेला बसते तेव्हा सगळ्यांचं भलं चिंतते, मग चहा टाकते. पण ती म्हणते, करुणा म्हणजे गप्प बसणं नव्हे. म्हणून सांगितलं. एवढंच.”

घंटा वाजली.

आता खांबेट्यांची तीन मिनिटं. पाठ केलेलं भाषण तयारच होतं, पॉलीनचं वाक्य, बावीस वर्षं, सगळं. त्यातला एक शब्द तोंडात येईना.

“तो नवा ॲनालायझर,” ते म्हणाले. “त्याचा मेन्टेनन्स स्लॉट. ऑगस्टमध्ये तो एक वाजता केला त्यांनी. म्हणून मी साडेबाराला. तू रेकॉर्ड बघ. पाच ऑगस्टपासून एक वाजता.”

भावना नियमाप्रमाणे ऐकत होती. मान हलवत नव्हती, हसत नव्हती. समोरून काहीच येईना तेव्हा माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकू यायला लागतं, आणि खांबेट्यांना ते मुळीच आवडलं नाही.

कारण ॲनालायझरचं खरं होतं. अगदी खरं होतं. त्याच आठवड्यात वेळ बदलली होती. पण रोटासमोर उभं राहून आपण ते आडनाव वाचलं, आणि मनात ‘अच्छा’ असं काहीतरी झालं, तेही खरं होतं. फक्त अच्छा. पुढं काही नाही. राग नाही, शिसारी नाही, काही नाही. कप्पा सापडला, एवढंच. मग मेन्टेनन्सची वेळ साडेबारा करा असं ते मॅनेजरला सांगू शकले असते, का सांगितलं नाही? आणि ॲड्रेस? तो ते विसरले होते. खरंच विसरले होते! मग एमिलीला पाठवायला कसे विसरले नाहीत? खांबेटे स्वतःच्या मनात उलटसुलट चाळत होते आणि एकाही नळीवर लेबल सापडत नव्हतं. आमच्या घरात असलं कधी नव्हतं, आई तर सगळ्यांना चहा द्यायची, असं म्हणावंसं त्यांना वाटलं. तेवढ्यात त्या चहासाठी मोरीजवळ पालथा ठेवलेला वेगळा कप डोळ्यांसमोर आला, आणि तेही वाक्य घशातच राहिलं.

उरलेला वेळ ते नुसते बसून राहिले. तीन मिनिटं इतकी लांब असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“शशी, कसं वाटलं?” ग्वेननं सगळ्यांसमोर विचारलं.

“कन्फ्यूज्ड,” खांबेटे म्हणाले.

ग्वेननं दोन्ही हात जोडून त्यांचे आभार मानले, जणू त्यांनी काहीतरी मोलाचं दिलं होतं. त्यामुळे ते आणखीनच गोंधळले.

चहाची सुट्टी झाली. भावना खिडकीशी कप घेऊन उभी होती. जावं की न जावं? ज्या मुलीनं आत्ता आपलं असं सगळं तोंडावर सांगितलं, तिच्याकडं साक्ष मागायची कशी? आणि नाही मागितली तर परवा पॉलीन जिंकली, आणि आपण गैरसमज करून घेणारे म्हातारे ठरलो. माणूस अडला की लाजही बाजूला ठेवतो. ते तिच्यापाशी गेले.

“भावना, गुरुवारी माझी ती—”

“मीटिंग ना? मी स्टेटमेंट दिलं की. काल सकाळीच एचआरला ईमेल केलं. ती जे बोलली ते वर्ड फॉर वर्ड लिहिलंय, वेळ पण टाकलीय.”

“काल? पण मी तर तुला विचारलंच नव्हतं.”

“विचारायचं काय त्यात? मी ऐकलं होतं.”

खांबेट्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि उतरताक्षणी त्यांना रडू येईल की काय असं वाटलं. “थँक यू. माझ्यासाठी तू एवढं केलंस, म्हणजे मी...”

“तुमच्यासाठी नाही हो,” ती म्हणाली. “तिनं तसं बोलायला नको होतं, म्हणून.” मग कप खिडकीत ठेवून तिनं सरळ त्यांच्याकडं पाहिलं. “एक विचारू? माझ्याबद्दल कुणी तसं बोललं असतं, पॉलीन नाही, आपलंच मराठी कुणीतरी, आणि फक्त तुम्ही ऐकलं असतं, तर तुम्ही लिहून दिलं असतं?”

“म्हणजे काय, ऑफ कोर्स,” हे शब्द खांबेट्यांच्या ओठावर आले होते. पण त्यांना इथल्या मराठी मंडळाची गेल्या दिवाळीची पार्टी आठवली. राखीव कोट्यातून झालेल्या डॉक्टरांवर कुणीतरी विनोद केला होता, आणि सगळे खो खो हसले होते. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा होता, तेही आठवलं.

“नाही,” ते म्हणाले. “नसतं दिलं बहुतेक.”

इतकं सांगून ते तिच्याकडं बघत राहिले. ती रागावेल, निघून जाईल, निदान स्टेटमेंट परत घेते म्हणेल, म्हणजे हिशेब तरी कळेल, असं त्यांना वाटत होतं. तिनं तसलं काही केलं नाही.

“स्टेटमेंट मी परत नाही घेणार,” भावना म्हणाली. “गुरुवारी दहाला आहे. मी येते.”