कुणी केलं, हे न विचारणारे साहेब

आमच्या कार्यालयात चूक व्हायच्या आधीच तिचा खुलासा तयार असायचा. थट्टा करत नाही. मी तिथे टंकलेखक होते आणि कारणे दाखवा नोटीस आणि तिच्यावरचा खुलासा ही दोन्ही बाळं माझ्याच टाइपरायटरवर जन्माला यायची. सकाळी नोटीस टाइप करायची. दुपारी ज्याला ती मिळाली तो चहा घेऊन माझ्या टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, "बाई, मागच्या वेळी टाकलं तेच टाका, फकस्त गावाचं नाव बदला." खुलाशात दोष नेहमी दुसऱ्याचा. पंप जळाला तर वीजवाल्यांचा, टँकर उशिरा गेला तर रस्त्याचा, आणि काहीच सापडलं नाही तर बदली होऊन गेलेल्या माणसाचा. गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यावर खापर फोडायला सगळ्यांना आवडायचं.

मी मूळची अर्धापूरकडची. चारी बाजूंना केळीच्या बागा, आणि माझे वडील त्या बागांमध्ये मजुरीने राबणारे. नांदेडला टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात लागले. घरातली पहिली सरकारी नोकरी. लातूर तेव्हा उस्मानाबादेपासून नुकतंच वेगळं झालं होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या खुर्च्या आणि नवी पदं. जो तो वर चढायच्या तयारीत होता, आणि वर चढणाऱ्याला अंगावर डाग परवडत नाही. त्यात पावसाने लागोपाठ दगा दिला. विहिरींचे तळ दिसू लागले आणि गावोगाव टँकर सुरू झाले.

आमच्या टँकरवरचा एक ड्रायव्हर रोजंदारीवर होता. अहमदपूरकडचा, पन्नाशीला टेकलेला, मी त्याला मामा म्हणायची. कितीतरी वर्षं तो रोजंदारीवरच होता. नव्या जिल्ह्यात ड्रायव्हरची पदं मंजूर होणार आणि त्यात याचा नंबर लागणार, असं सगळेच म्हणत होते. तो रोज सकाळी गाडीची किल्ली घ्यायला आला की माझ्याकडे डोकावून विचारायचा, "आलं का काय, बाई?" मी मान हलवायची. "येतंय, येतंय," असं तो मलाच समजावून जायचा. कायम होणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आधीपासून नोकऱ्या आहेत त्याला कळणार नाही. मला कळत होतं.

त्या दुष्काळातच आम्हाला नवे साहेब आले. पावसाच्या मुलखातले होते. दिवसभर रुमालाने मान पुसायचे आणि आमच्या पाण्याला हात जोडायचे. पहिल्या सोमवारच्या बैठकीत एक पंप जळाल्याचा विषय निघाला, तशी सगळ्यांची बोटं सवयीने पंपचालकाकडे वळली. साहेब म्हणाले, "कुणी जाळला ते मला नको. कसा जळला ते सांगा." स्टोअरकीपर बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बाई, हे साहेब लई पोचलेले दिसतात. गोड बोलून नावं काढून घेणार." मलाही तसंच वाटलं होतं. पण आठवडे गेले, आणि माझ्याकडे नोटीस टाइप करायला येईना. चहाही बंद झाला, हे मात्र मला जरा लागलं.

मग एका गावात हगवण आणि उलट्यांची साथ आली. आमचाच टँकर तिथे पाणी टाकत होता, बहुतेक मामाच न्यायचा. माणसं सरकारी दवाखान्यात ओळीने पडली आणि एक म्हातारी गेली. साहेबांनी जीप काढली आणि मलाही बसायला सांगितलं. "बायका माझ्याशी बोलायच्या नाहीत," म्हणाले, "तुमच्याशी बोलतील."

बायकांनी आधी आडनाव विचारलं. आडनाव कळल्यावर चहा काही आला नाही, पण पाण्याचं मात्र त्यांनी घडाघडा सांगितलं. टँकरच्या पाण्याला औषधाचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा, असा वास यायचा की डाळ शिजवली तरी तोंडात घालवेना. म्हणून त्या टँकरचं पाणी भांडी-धुण्याला वापरायच्या आणि प्यायला नाल्यातल्या झिऱ्याचं आणायच्या, जिथे गुरंही तोंड घालत होती. एक जण म्हणाली, "मग डायवरदादाला दया आली. त्येनं औषीद टाकायचं बंद केलं. तवा कुठं आमी टँकरचं प्यायलालो."

मी जीपमध्ये येऊन बसले. हे सांगावं तर मामाची नोकरी गेली. न सांगावं तर पुढच्या गावात हेच होणार. साहेबांनी विचारलं आणि मी बायका वासाबद्दल काय म्हणाल्या तेवढं सांगितलं. त्यांनी मान पुसली आणि पुढचं विचारलंच नाही. "सोमवारी बैठकीत बोलू," एवढंच म्हणाले.

त्या सोमवारी सगळे बैठकीला जमले. साहेब उभे राहिले आणि त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली. "ज्या विहिरीतून आपण टँकर भरतो तिचं पाणी तपासून घ्यायला मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि ते खराब निघालं. म्हातारी गेली त्यात माझा वाटा आहे. आता मला कळायला हवं की हे कसं झालं, नाहीतर अजून माणसं जातील." एवढं बोलून ते खाली बसले. साहेब लोक असं बोलतात हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. नंतरही फारसं ऐकलं नाही.

मग दाराजवळ उभा असलेला मामा पुढे आला. "साहेब, पावडर मी टाकत नव्हतो. बाया झिऱ्याचं पानी पिऊन राहिल्या व्हत्या. मला वाटलं, त्यापरीस हे बरं." साहेबांनी विचारलं, "आधी किती टाकत होता?" मामाने ओंजळ करून दाखवली. "कवा एक, कवा दोन. अंदाजानं." दुसरा ड्रायव्हर म्हणाला तो तीन टाकतो. तेव्हा स्टोअरकीपर हळूच बोलला, पावडरीची पोती आली पण माप काही आलं नाही, आणि त्याने मागितलंही नाही. ओव्हरसियर म्हणाले, विहिरीकडे ते महिनाभर फिरकलेच नव्हते. एकामागून एक माणसं बोलत गेली. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही, प्रत्येकाने आपलंच सांगितलं. मी तिथे बसून रडले. कशासाठी ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, इतक्या वर्षांनी त्या खोलीत कोणीतरी श्वास सोडला होता, त्याचंच ते रडू होतं.

आठवड्याभरात डबा कापून माप तयार झालं. पावडर किती, ती कशी कालवायची, कधी टाकायची हे ठरलं. टँकर आदल्या संध्याकाळी भरून ठेवायचा, म्हणजे सकाळपर्यंत वास उतरतो, हे मामानेच सुचवलं. बायका ते पाणी प्यायला लागल्या. साथ थांबली. मामा किल्ली घेताना आता दोन प्रश्न विचारायचा. एक नेहमीचा, आणि दुसरा, "दवाखान्यात कोन हाय का अजून?" कोणी नाही म्हटलं की खूश होऊन जायचा.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सगळ्यांना आनंदाने सांगत फिरले असते.

म्हातारी गेली त्यावरून जिल्ह्याच्या बैठकीत प्रश्न निघाला होता. वरून पत्र आलं की जबाबदारी निश्चित करून अहवाल पाठवा. साहेबांनी अहवाल मला तोंडी सांगितला आणि मी टाइप केला. काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, सगळं होतं. जबाबदारी कोणाची, या ठिकाणी त्यांनी लिहायला लावलं, "कार्यालयाची, आणि प्रथम माझी, कार्यालयप्रमुखाची." अहवाल परत आला. वर शेरा होता, दोषी कर्मचाऱ्याचं नाव नमूद नाही. साहेबांनी तोच अहवाल पुन्हा पाठवला. मी म्हटलं, "साहेब, असं चालत नसतं इथे." ते म्हणाले, "चालत नाही म्हणूनच म्हातारी गेली, बाई." पंधरवड्यात त्यांची बदली विदर्भाच्या पार टोकाला झाली. निरोपाला हार आणायचं कोणाला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं सगळ्यांना, पण हार आणणाऱ्याचं नाव लक्षात ठेवलं जाईल, हीही भीती होतीच.

मग चौकशीला एक अधिकारी आले. मऊ बोलणारे, चष्मा पुसत ऐकणारे. आल्या आल्या सगळ्यांना म्हणाले, "घाबरू नका. झालं तसं सांगा." अगदी आमच्या साहेबांसारखं. जबाब मीच टाइप करत होते, त्यामुळे एकेकाचं तोंड मला समोरून पाहायला मिळालं. ओव्हरसियर म्हणाले, विहिरीची तपासणी नियमित होत असे. स्टोअरकीपर म्हणाला, माप दिलेलं होतं. दुसरा ड्रायव्हर म्हणाला, मी त्या गावाला जातच नव्हतो. सोमवारच्या बैठकीत आपापली चूक सांगणारी हीच माणसं. नव्या जिल्ह्यात ओव्हरसियरना बढती दिसत होती, स्टोअरकीपरला लातूरची बदली. मला त्यांचा राग आला, आणि तो तसाच गिळून मी टाइप करत राहिले.

मामाच्या आधी चहाची सुट्टी झाली. स्टोअरकीपरने त्याला व्हरांड्यात गाठलं. "तोंड उघडू नको. टाकत व्हतो म्हण, रोज टाकत व्हतो म्हण. कोन बघाय गेलंय?" मी तिथेच उभी होते. मनातून मलाही तेच हवं होतं. मामा म्हणाला, "आपून बोललो म्हनून माप आलं का न्हाई? मान्सं बरी झाली का न्हाई? मंग?" आणि बिडी विझवून आत गेला.

त्याने सगळं सांगितलं. वास, झिरा, दया, सगळं. अधिकाऱ्यांनी फक्त एक वाक्य घ्यायला लावलं: मी टँकरच्या पाण्यात पावडर टाकत नव्हतो. मी म्हटलं, "साहेब, ते का टाकत नव्हते तेही सांगताहेत." ते म्हणाले, "तेवढं पुरे." मामाने सही केली. मग मी उठले आणि म्हटलं, माझाही जबाब घ्या, त्या गावात मी गेले होते, बैठकीतही होते. ते हसले. अगदी मायेने हसले. "बाई, तुम्ही टंकलेखक आहात ना?" म्हणाले, आणि फाइल बांधली.

रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. किल्ली दिली नाही की झालं. चौकशीनंतर एका सकाळी मामाने किल्लीच्या खिडकीत हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला. मग तो माझ्याकडे आला, पण आज त्याने काही विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात पदं मंजूर होऊन आली.

त्यानंतरच्या सोमवारी नव्या साहेबांनी विचारलं, "काही अडचण?" सगळे म्हणाले, "नाही साहेब." नंतर मी उमरीला, नांदेडला, कुठे कुठे काम केलं. सगळीकडे सोमवार होते आणि सगळीकडे हेच उत्तर होतं. पुढे पुढे तर आम्हाला प्रशिक्षणंही मिळाली. माणसावर दोष ढकलू नका, व्यवस्थेत दोष शोधा, असं पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायचे. सगळे वहीत उतरवून घ्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत कोणाची चौकशी लागली याबद्दल कुजबुजायचे. मी उतरवून घेत नव्हते. मला ते सगळं एका दुष्काळात शिकवून झालं होतं, आणि त्याचं काय झालं हेही मी पाहिलं होतं.

पण मामाचं राहिलं. काढल्यावर काही दिवसांनी मी त्याच्यासाठी एक अर्ज तयार केला. बैठकीत कोण काय बोललं ते सगळं त्यात घातलं, आणि सुट्टीच्या दिवशी अहमदपूरच्या स्टँडवर उतरून चालत त्याच्या गावी गेले. मामा ओसरीवर दोर वळत बसला होता. त्याच्या बायकोने तांब्याभर पाणी आणून दिलं. दुष्काळात दुसऱ्याच्या घरचं पाणी पिताना अवघड वाटतं, पण मी प्याले. ती माझ्याशी रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "बाई, ह्ये आदी हुशार व्हते. हापिसात कसं बोलायचं ते त्यांला बराबर ठावं व्हतं. तुमच्या त्या साहेबानं बिघडवलं."

मामा दोर वळत राहिला. मी अर्ज पुढे केला आणि सही करायची जागा दाखवली. म्हटलं, मी स्वतः लातूरला नेऊन देते, वरच्या साहेबांना भेटते. त्याला वाचता येत होतं, पण त्याने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि मलाच विचारलं, "काय लिवलंय ह्यात?"

"जे झालं ते. सगळं खरं लिहिलंय, मामा."

त्याने घडी घातली आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"खरं येकदा सांगून झालंय, बाई. दुसरं कायतरी लिवता येत असंल तर बघा."