रांगेतले काका

आमच्या शेजारचे काका आठवड्यातले चार दिवस सरकारी दवाखान्यात जात आणि त्यांना काहीही झालेलं नसे.

मला दुसऱ्यांच्या घरात डोकावायची खोड आहे, हे आधीच कबूल करते. काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन शरणपूर भागातल्या आमच्या कॉलनीत राहायला आले, तेव्हापासून माझी त्यांच्यावर नजर होती. सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, दहाला परत. हातात औषधाची पुडीसुद्धा नाही! काका ख्रिस्ती, रविवारी न चुकता चर्चला जाणारे. काकू वारलेल्या, मुलगी लांब बंगळुरूला. मग या माणसाला झालंय तरी काय?

शेवटी राहवेना. एक दिवस मी मागोमाग रिक्षा केली. काका केसपेपरच्या रांगेत पहिले उभे होते. खिडकी उघडता उघडता पेठकडच्या खेड्यांतून एसटीने आलेली माणसं धापा टाकत पोचली. त्यांतली एक लेकुरवाळी बाई काकांनी हेरली, तिला आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः बाहेर पडले. मागे कुरकुर सुरू झाली, तसे म्हणाले, "एकाच्या जागी एकच. तुमचा नंबर आहे तिथंच आहे."

बाई संकोचली. "नको बाबा, तुमीबी आजारीच असाल ना."

"दिलेली जागा नाकारायची नाही, माय."

मी त्यांना फाटकाशीच गाठलं. "काका, हे चर्चचं काम आहे का?"

"चर्चला ठाऊकही नाही."

"मग तिला येशूबद्दल काही सांगितलंत?"

"तिच्या पोराला ताप होता गं," काका म्हणाले. मग चालता चालता स्वतःशीच बोलल्यासारखे पुढे म्हणाले, "न मागता मिळतं, त्याला आमच्यात कृपा म्हणतात. ती कमवता येत नाही. मिळाली की घ्यायची."

काका काही संत नव्हते. रांगेत घुसणाऱ्याला ते अस्सल फोरमनच्या आवाजात झापायचे, आणि रविवारी चर्चमधली उपासना लांबली की पाळकांच्या देखत घड्याळ बघायचे.

एकदा आमच्याकडे चहा पिताना त्यांनी कप बशीच्या बाहेर ठेवला. मी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांची किल्ली कुलुपाच्या शेजारी चाचपडत होती. खोदून विचारलं तेव्हा कळलं, डाव्या डोळ्याला महिनाभर धुकं दिसत होतं.

"दवाखान्यात जाता ना सारखे? मग दाखवलं का नाही?"

"डोळ्यांसाठीच उभा राहतो हल्ली. पहिला असतो."

"मग?"

"मग एसटी येते."

मला इतका संताप आला की चहाची भांडी मी नको तेवढी आपटली. दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच जाऊन रांगेत उभी राहिले. काका आले ते माझ्या मागे, दुसरे, आणि जरा नाराजच. एसटीची माणसं आल्यावर त्यांनी सवयीने आपली जागा एका म्हाताऱ्याला दिली. ते वळणार तोच मी त्यांची बाही धरली, त्यांना माझ्या जागी उभं केलं आणि बाहेर पडले.

"सुनीता, कुणा गरजवंताला दे."

"दिलेली जागा नाकारायची नाही, काका."

माझ्याकडे न बघता त्यांनी खिडकीत हात घातला.

डावा डोळा गेला होता. डॉक्टरांनी उजवा राखला. इतकी डोकावणारी मी, त्या महिन्यातच नेमकी कशी डोकावले नाही, ही रुखरुख अजून जात नाही.

त्या एका डोळ्यावर काका आणखी तीन वर्षं रांगेत उभे राहिले. गेल्या थंडीत झोपेतच गेले.

दफनाच्या दिवशी द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीत अडकून मी उशिरा पोचले. मूठभर माती टाकायला रांग लागली होती. चर्चच्या मंडळीतले लोक होते, रिक्षावाले होते, आणि दवाखान्याच्या फाटकावरच्या चहावाल्याने निरोप दिलेली खेड्यापाड्यांतली माणसं होती. मी अगदी शेवटी उभी राहिले. रडू मात्र येत नव्हतं.

पुढची एक अनोळखी बाई वळून माझ्याकडे बघत होती. ती रांगेतून बाहेर आली.

"ताई, तुमी माझ्या जागी जा."

'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिच्या जागी जाऊन उभी राहिले, ती माझ्या. तिथं मला रडू फुटलं.