चूक म्हणणारं कुणीतरी

माझा दादा बिघडलेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. मिक्सर आणा, टेबलफॅन आणा, जळालेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी भरायची आणि वर वार्निश द्यायचं. दुकान घराच्या खालीच असल्यामुळे आमच्या घराला कायम वार्निशचा वास येतो. वहिनीला तो आता येतच नाही.

दर शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की दुकानात आमचा प्रश्नांचा अड्डा भरायचा. दादा, मी, शेजारचा औषधवाला आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांना ‘आता दिसतंय का?’ विचारून जीव विटतो, त्यामुळे दुसरं काहीही विचारायला मिळालं की मला बरं वाटतं. नियम साधे होते. ज्याचं उत्तर बरोबर, त्याने पुढचा प्रश्न टाकायचा. उत्तर चुकलं की बाकीच्यांनी एका सुरात ‘चूक!’ म्हणून ओरडायचं, आणि चुकणाऱ्याने शेवटी कप विसळायचे.

कप बहुतेक वेळा दादाच विसळायचा. त्याला फार येत होतं अशातला भाग नाही, पण आत्मविश्वास मात्र ओसंडून वाहायचा. एकदा मास्तरांनी विचारलं, सर्वांत जास्त टाइम झोन कोणत्या देशाचे? दादाने टेबलावर पक्कड आपटून ‘रशिया!’ म्हटलं. उत्तर होतं फ्रान्स, कारण त्यांची बेटं जगभर विखुरलेली आहेत. दादाला ते पटेना.

“बेटं कशाला मोजता? मग मी दुरुस्त केलेला पंखा ज्या ज्या घरात फिरतो, ते सगळं माझं दुकान म्हणा!”

यावर कित्येक शनिवार गेले. औषधवाल्याने त्या वादाचं नावच ‘अपील’ ठेवलं. खरं सांगायचं तर आम्ही उत्तरांसाठी नाही, दादाच्या हुज्जतीसाठीच जमायचो.

मग दादाला झटका आला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली. उजवा हात लुळा पडला, तो हळूहळू निम्माशिम्मा परत आला. वाचा मात्र अडकून बसली. डोक्यात सगळं शाबूत होतं, पण चहा हवा असला की तोंडातून ‘तार’ निघायचं, आणि स्वतःचंच ऐकून तो कपाळावर हात मारून घ्यायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्यांनी मला आणि वहिनीला स्वच्छ सांगितलं, “शब्द आत आहेत, त्यांना वाट सापडत नाहीये. माणसांत बसू दे, बोलू दे. एकदा गप्प राहायची सवय लागली की पुढचं कठीण आहे.”

माणसांत म्हणजे शनिवार. आम्ही त्याला धरून खाली आणलं. मास्तर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी दादाकडे बघून हळू आवाजात विचारलं, “सूर्यमालेतला सर्वांत तापलेला ग्रह कोणता?”

दादाच्या मानेच्या शिरा ताणल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“बु... बुध.”

अख्खा शब्द आला! फक्त उत्तर होतं शुक्र. बुध सूर्याच्या जवळ असला तरी दाट हवेमुळे शुक्रच जास्त तापतो, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण हाच प्रश्न आमच्याकडे पूर्वी गाजला होता. तरी मास्तर डोळे पुसत म्हणाले, “बरोबर! शाब्बास!” औषधवाल्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत दादाने तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं, काठी उचलली आणि तो जिना चढून निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो खाली आला नाही. त्यानंतरच्याही नाही. बाई आल्या की भिंतीकडे बघत बसायचा. कुणी काही विचारलं की मान हलवायची, बस्स.

“तोंडच उघडत नाहीत गं,” वहिनी रडवेली होऊन म्हणाली. “कालपासून ‘तार’सुद्धा म्हणाले नाहीत.”

मी तडक मास्तरांचं घर गाठलं.

“मास्तर, शाळेत चुकलेल्या पोरांना असेच मार्क वाटत होतात का?”

“अगं, आजारी माणूस आहे तो.”

“आजारी आहे, बिनडोक नाही. तुम्ही त्याला शाबासकी दिली नाहीत, खेळातून बाद केलंत.”

मास्तर चष्म्याची काडी चाचपू लागले. “माझ्याच्याने त्याला चूक म्हणवणार नाही गं,” ते म्हणाले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. मी म्हटलं, “मग मी म्हणेन.”

तिथून दादाकडे गेले. “शनिवारी खाली ये. खोटं कौतुक करेल त्याला मी स्वतः हाकलून देईन,” मी म्हटलं. तो कूस बदलून पडला. “आणि आला नाहीस, तर टाइम झोनच्या अपिलाचा निकाल तुझ्या माघारी लावून टाकू.” तेव्हा मात्र वळून त्याने माझ्यावर डोळे वटारले.

शनिवारी तो आला. पहिला प्रश्न औषधवाल्याचा होता, आणि त्याने तो सगळ्यांसाठी टाकला. “ऑक्टोपसला हृदयं किती?”

दादाने काठीची मूठ घट्ट धरली. कुणी त्याच्या तोंडात शब्द घातला नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “दोन.”

मास्तर कपात बघू लागले. औषधवाला माझ्याकडे. वहिनी जिन्याच्या पायरीवर श्वास रोखून उभी. हा पुन्हा उठून वर गेला, आणि या वेळी कायमचाच गप्प झाला तर? जबाबदारी माझी होती, आणि मला भीती वाटत होती.

“चूक!” मी ओरडले.

माझ्या एकटीचा आवाज फारच मोठा वाटला. मग मास्तर कापऱ्या आवाजात म्हणाले, “चूक.” मागोमाग औषधवाला.

दादाचा चेहरा लाल झाला. त्याने डावा हात टेबलावर आपटला.

“का?”

आजारपणानंतर त्याने काही विचारलं ते पहिल्यांदाच. वहिनी होती तिथेच पायरीवर बसली.

औषधवाला गडबडून म्हणाला, “तीन असतात. दोन कल्ल्यांना रक्त पुरवतात आणि एक बाकीच्या अंगाला.”

दादाने भुवया आवळल्या. तोंडात काहीतरी जुळवू लागला. एक शब्द आला, तो चुकीचा होता, त्याने हातानेच झटकून टाकला. आम्ही थांबलो.

“ए... एक पंप,” तो म्हणाला. “पुरे.”

“पुरे कसा?” मास्तर एकदम सरसावून बसले आणि शाळेतल्यासारखे कडाडले. “अरे, एवढ्या अंगाला एका पंपाने भागेल होय? काहीतरी बोलतोस!”

“भा... भागेल!”

वहिनी पायरीवर बसून हसत होती आणि रडत होती. माझंही तेच चाललं होतं. भांडण पेटलं होतं, दादा पुढचा शब्द शोधत होता, आणि मास्तर तो ऐकायला बोट रोखून थांबले होते.