स्क्रीनवरची घरं

पेडण्याच्या बाजारात आमचा छोटा छापखाना आहे. पुढे काउंटरवर हे बसतात, मधे प्लायवूडचा आडोसा, आणि आडोशामागे मी. माझी शाळा चौथीपर्यंतची. मराठी टाइप करायला ह्यांनीच शिकवलं. चार माणसांसमोर बोलायला मला अजून जमत नाही, म्हणून आडोसा बरा वाटतो.

गिऱ्हाईक आलं की हे आत हाक देतात, "अगो, पिंपळाकडचे आलेत. थोरलीच्या लग्नाची केली तशीच पत्रिका पाहिजे." आमच्याकडे अख्ख्या वाड्याचं, म्हणजे वाडीचं, आडनाव एकच असतं, म्हणून घर ओळखायचं ते जाग्यावरून. पिंपळाकडचे, बावीकडचे म्हणजे विहिरीजवळचे, शेताच्या मेरेवरचे. आणि "तशीच" म्हणजे वर देवांचा क्रम तोच. आधी ग्रामदेव की आधी कुळदेवता, हे घरागणिक वेगळं. तो चुकला तर पत्रिका परत येतात. एकदा आल्या होत्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून प्रत्येक घराची फाइल मी ठेवायची. कॉम्प्युटर आपणहून देईल तो आकडा तिला राहू द्यायची, आणि तिचं चित्र स्क्रीनवर ओढून त्या घराच्या जाग्यावर नेऊन ठेवायची. मधोमध देऊळ, म्हणजे जत्रेच्या नाटकांची पत्रकं. देवळामागे पिंपळाकडचे. खाली उजवीकडे बावीकडचे. इतकी वर्षं मी अशीच गावातून फिरत आले, आणि हे कुणाला सांगायचं असतं असं मला वाटलंच नाही.

सून पाळी गावची. लग्नाआधी ती तिकडे खाणीच्या एका कचेरीत कॉम्प्युटर बघायची. यंदा गणेशचवथीच्या आधीच तिने सांगितलं, "आई, आपल्या तिन्ही कॉम्प्युटरांच्या सिस्टीमचा सपोर्ट बंद होतोय. मशीन चालतील, पण इंटरनेटवरून काय आत घुसलं तर अडवणारं कोण नसेल. आणि नवी सिस्टीम ह्या जुन्या मशीनांवर चढत नाही."

हे म्हणाले, "माझापण सपोर्ट कधीचा बंद झालाय. चालतोय ना मी?"

"तुम्हाला इंटरनेट लावलेलं नाही, बाबा."

तिने कॅलेंडर काढलं. कोजागरीच्या पुनवेच्या नाटकांची पत्रकं छापून गेली की तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्याकडे काम थोडं. तेवढ्यात बदलायचं. आधी काउंटरवरचा, कारण इंटरनेट त्याच्यावर. त्यात आमचा जुना मराठी फाँट चालतो का ते बघायचं. माझा सगळ्यात शेवटी. तसंच झालं. फाँट चालला.

"सगळ्या फाइली आल्या बघा, आई. एकपण राहिली नाही."

खरंच राहिली नव्हती. पण शाळेत प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या सगळ्या आकड्यांप्रमाणे रांगेत होत्या. घरं सगळी होती, कुणालाच जागा नव्हती. मी "बरं" म्हटलं. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात ठेवला होता. सोमवारी तो पुसून भंगारात जायचा होता. दोन दिवस मी एकेक फाइल उघडून बघत राहिले. आत तेच ते आडनाव. कुठलं घर कुणाचं, कळेना. पोरीने एवढं मनापासून केलेलं, तिला सांगायला तोंड उघडेना.

शनिवारी हाक आली, "अगो, बावीकडचे आलेत. तशीच."

मी आणखी दोन फाइली उघडल्या. पुन्हा हाक आली. मग मी उठून आडोशाच्या बाहेर आले आणि गिऱ्हाइकासमोरच सुनेला म्हटलं, "मला बावीकडचे सापडत नाहीत."

"किती नंबरची फाइल, आई?"

"नंबर माहीत नाही. देवळाच्या खाली, उजवीकडे."

बावीकडचे काका हसले. "बरोबर सांगता ती. आमचं घर थंयच."

सुनेने इंटरनेट न जोडता जुना कॉम्प्युटर लावला. स्क्रीनवर तिने देवळापासून खाली उजवीकडे बोट नेलं. मग म्हणाली, "हा सोमवारी जात नाही."

काका चहा प्यायला गेले. मी जुन्या स्क्रीनवर बोट ठेवत गेले, ती आकडा बघून नव्यातल्या फाइलींना घरांची नावं घालत गेली. मेरेवरच्यांपाशी ती थांबली. "हे घर बंद ना? सगळे पणजीला गेले. हे ठेवायचं?"

त्या घरातल्या तिन्ही मुलींच्या पत्रिका मी केल्या. त्यातली पहिली म्हणजे मी एकटीने केलेली पहिलीच पत्रिका. त्यांचे म्हातारे आडोशाशी येऊन म्हणाले होते, "बाय, सुंदर आलंय हो." गिऱ्हाइकांपैकी माझ्याशी बोललेले ते पहिले. म्हातारे गेले, मुली लांब गेल्या, अंगणात आता गवत आहे.

"ठेव," मी म्हटलं.

नवी स्क्रीन रुंद आहे. देऊळ मधे आणलं तर दोन्हीकडे रान मोकळं. सुनेने तिच्या लग्नाची पत्रिका शोधून काढली, तीही मीच केलेली. "पाळी खंय घालूया?" मी उजवीकडे, पार खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

काका परत आले होते. मी बावीकडची फाइल उघडली. आधी कुळदेवता, मग ग्रामदेव. आडोशामागूनच हाक दिली, "मिळाली. तशीच करते."