सून पाहायला गेले आणि स्वतःच नापास झाले

माझ्या मुलाचं ठरत आलेलं लग्न मी इंग्रजी शब्दांच्या खेळापायी मोडत आणलं होतं.

दहा वर्षं झाली असतील. मी तेव्हा जेमतेम पन्नाशीची, म्हणजे अक्कल अजून यायची होती. रविवारच्या पेपरात कोडं यायचं: अमुक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधा. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. पण पोराची जुनी डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते सोडवायची. (डिक्शनरी उघडून उत्तर बघणं याला मी 'अभ्यास' म्हणायची.) क्यू असलेला शब्द सापडला की तो सेनगावातल्या आमच्या सगळ्या गल्लीला सांगून यायची. बायका मला येताना पाहून दार लोटून घेऊ लागल्या. मला वाटलं, विद्वत्तेचा दरारा!

अशात आमच्या प्रशांतनं सांगितलं, डोंगरकडा गावची शीतल नावाची मुलगी आहे, बी.एस्सी. झालेली, आणि ती मला पसंत आहे. मी म्हटलं, पसंती तुझी, परीक्षा माझी. तीन शब्द विचारणार. तिन्ही आले तर सून, एक जरी चुकला तर पोहे खाऊन परत.

"माय, हे लगन हाय का नोकरभरती?"

"शिकलेली बायको पायजे म्हणून तूच म्हणत व्हतास न्हाई का?"

पोराचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र तीन प्रश्न उत्तरांसकट जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहिले आणि तो कागद कपाटात साड्यांखाली ठेवला. रोज दुपारी दार लावून पाठांतर!

जायच्या दिवशी वारंगा फाट्यापर्यंत आमचे हे मला समजावत होते. फाट्यानंतर त्यांनी नाद सोडला.

पोहे झाले. शीतल समोर येऊन बसली. नाव, शिक्षण विचारून झालं आणि मी पदर सावरून सुरुवात केली. पण घाबरल्यामुळे दुसरा प्रश्न आधी तोंडातून निघाला: जे आणि एक्स, दोन्ही असलेला शब्द सांग.

"क्विझ," ती ठणकावून म्हणाली.

प्रशांतला असा ठसका लागला की दोघांनी पाठ चोळली. तेवढ्यात शीतल म्हणाली, "न्हाई, न्हाई. जिंक्स."

मी थक्क झाले. क्विझ तर माझ्या पहिल्या, अजून न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं! (पोरगी मनातलं ओळखते, असं मी ह्यांच्या कानात सांगितलं. हे पोह्यातले शेंगदाणे वेचत राहिले.) क्यू-झेडचा प्रश्न मी अर्धाच विचारला, उत्तर हजर. पाचही स्वर असलेला शब्द? मी 'पाच' म्हणते तोच ती म्हणाली, "एज्युकेशन." मी भर बैठकीत तिला पास जाहीर केलं.

आमच्याकडं मुलाकडच्यांचं विचारून झालं की मुलीकडचे विचारतात. नोकरी कुठं, शेती किती, असंच काहीतरी. पण शीतलच्या आत्या माझ्याकडं वळल्या.

"तुमी आमच्या पोरीला तीन इचारले. आता आमचं एकच सांगा. ए, ई, आय, ओ, यू, यातलं एक बी अक्षर नसलेला इंग्रजी शब्द."

डिक्शनरी सेनगावात! मला घाम फुटला. शीतलनं हळूच दाराबाहेर आभाळाकडं भुवया उडवल्या. मी वर पाहिलं.

"फॅन," मी म्हणाले.

"त्यात ए हाय."

शीतलच्या भुवया पुन्हा वर. मी आणखी वर पाहिलं.

"पत्रा!" (हा इंग्रजी शब्द नाही, हे बोलून झाल्यावर आठवलं.)

कोणीच हसलं नाही. आत्यांनी कप खाली ठेवला. "घरी येऊन पोरीला असं जोखून राहिल्या, मंग रोज तिकडं काय करतीन? आमाला इचार करावा लागन."

प्रशांत माझ्याकडं असा पाहत होता, जणू मी त्याचं ताटच ओढून घेतलंय. मी पदरानं घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, पोरगी पास, मी नापास. नापास सासूच्या घरी लेक देता का?"

आत्या शीतलकडं पाहत राहिल्या.

"स्काय, आत्या," शीतल म्हणाली. "त्यांना स्कायच म्हणायचं व्हतं."

"आतापासूनच सासूला पाठीशी घालून राहिली ही," म्हणून आत्या हसल्या, आणि साखर वाटली गेली.

पुढं कित्येक वर्षं मी गल्लीला सांगत होते की सून मी पारखून आणली. मागच्या महिन्यात नातीलाही तेच सांगत होते, तर शीतलला हसू आवरेना.

"आई, आता सांगून टाकते. तुमच्या कागदाचा फोटो यांनी मला चार दिवस आधीच पाठवला व्हता. तुमी प्रश्नांचा नंबर बदलला म्हणून गडबड झाली."

मी प्रशांतकडं पाहिलं. तो म्हणाला, "मंग काय, तुझ्या परीक्षेपायी बिनलग्नाचा राहू?"

म्हणजे त्या बैठकीत प्रामाणिकपणे परीक्षा दिली ती मी एकटीनं, आणि नापास झाले तीही एकटी मीच!