गुडघ्यांचं रेशनिंग

बेअरिंगची झीज मोजणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. बेअरिंगचे फेरे ठरलेले असतात, कमी फिरवा, जास्त टिकतं. एवढ्या अकलेवर मी आईच्या गुडघ्यांना हात घातला.

तीन वर्षांपूर्वी आई जर्मनीत हॅनोव्हरला आमच्याकडे आली, तेव्हा ती चौऱ्याहत्तरची होती. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. लिफ्ट नाही. गुडघे ठणकायचे, तरी रोज उतरून भाजी आणायची, कठडा धरून परत चढायची. "जिने चढतेय तोवर माझं घर माझं," म्हणायची. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झीज आहे, पण चालणं सोडू नका.

"त्यांना काय कळतं?" मी म्हणालो. "वंगण संपल्यावर कुणी गाडी पळवतं का?"

"अरे, माणूस आहे मी. तुझ्या कारखान्यातलं चाक नाही."

"अहो, त्यांना बेकरीपर्यंत तरी जाऊ द्या," बायको म्हणाली. पहिल्या आठवड्यात आई रोज तिथे जायची. बेकरीवाली 'मोर्गन' म्हणायची, आई 'नमस्कार' म्हणायची, दोघींचं छान जमलं होतं.

पण मी ऐकतोय कसला! एक्सेलमध्ये तक्ता केला, फ्रिजवर लावला. आमचा तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या. आठवड्यातून एकदा उतरणे, एकदा चढणे. रकान्यांना रंगसुद्धा दिले. खिडकीपाशी आरामखुर्ची आणली. चहा हातात, पाणी हातात, पायाखाली उशी.

एकदा ऑफिसातून लवकर आलो, तर आई जिन्यात. धापा टाकतेय, हातात ब्रेडची पिशवी, दंडाला धरून आमची चौदा वर्षांची मुलगी.

"आजीला फक्त प्रॅक्टिस करायची होती," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली.

मी दोघींना तिथेच झापलं. आईने पिशवी पाठीमागे लपवली. त्यानंतर ती एकटी दाराबाहेर पडली नाही. माझा तक्ता तंतोतंत पाळला गेला.

तीन महिन्यांनी तिला पुण्याला सोडायला गेलो. तिच्या घराच्या जिन्यात चौथ्या पायरीवर आई थांबली. मांड्या लटलट कापत होत्या. "थांब जरा, होईल," म्हणाली. झालं नाही. शेवटी शेजारच्या दोघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. मी मागून, एका हातात बॅग, तोंडात सूचना: "जपून हं, गुडघा आपटेल!" शेजारीण म्हणाली, "केवढा जपतो हो मुलगा!" मी मान डोलावली. खरंच डोलावली.

दोन महिन्यांत आई माझ्या धाकट्या भावाकडे तळमजल्यावर गेली. तिच्या घरात भाडेकरू आला.

यंदा माझा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडलं. तिथल्या तरुण बाईने हातात स्पंज घेऊन समजावलं. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. भार पडतो, सुटतो, तेव्हा सांध्यातला द्रव आतबाहेर होतो आणि तिला पोषण मिळतं. बसवून ठेवली की उपाशी. मांडीचे स्नायू तर त्याआधीच जातात, मग सगळा भार सांध्यावर. दुखलं तर चालणं थोडं कमी करा, बंद करू नका.

"बसून राहिलं की गुडघे टिकतात ना?" मी विचारलं.

"बसून राहा म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"एका इंजिनिअरने."

"आख सो," म्हणजे 'अस्सं होय', म्हणून ती हसली. मीही हसलो. वेळ मारून न्यायची मला सवय आहे.

संध्याकाळी आईला फोन केला. "तुझे डॉक्टर बरोबर होते. चालायलाच हवं होतं. माझं चुकलं."

पलीकडे आईने टीव्हीचा आवाज कमी केला.

"माझा भाडेकरू म्हणे दोन-दोन पायऱ्या चढतो," ती म्हणाली. मग विचारलं, "तुझ्या किती रे?"

"चोपन्न."

"मोजत चढ. तुला मोजायला आवडतं."